साफसफाई सेवेची फ्रँचायझी घ्यावी का? पैसे भरण्याआधी काय तपासाल

साफसफाईचा धंदा सुरू करायला मोठं भांडवल लागत नाही. व्हॅक्यूम, मॉप, रसायनं, दोन विश्वासू माणसं आणि पहिलं गिऱ्हाईक एवढ्यावर तो उभा राहतो. मग जे स्वतःच्या नावावर करता येतं, ते फ्रँचायझी घेऊन, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली करण्यासाठी तिला प्रवेश शुल्क आणि दरमहा रॉयल्टी (बिलातला ठराविक हिस्सा) का द्यायची? कंपनीला हा प्रश्न सरळ विचारा. ‘आमचं नाव मोठं आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. कामं कोण आणून देणार, प्रशिक्षण किती दिवसांचं, बिलं आणि वसुली कोण बघणार, हे नेमकं कळलं पाहिजे.

1. घरं की ऑफिसं, आधी ठरवा

घरांची कामं दिवसा होतात आणि पैसे बहुधा लगेच मिळतात, पण गिऱ्हाइकं लहान आणि वेळा सतत बदलणाऱ्या. ऑफिसं, दवाखाने, शाळा यांचं काम सगळे घरी गेल्यावर, म्हणजे संध्याकाळी आणि रात्री. बिल महिन्याअखेरीस जातं आणि पैसे यायला पुढे 30 ते 60 दिवस सहज लागतात. पगार तोवर थांबत नाहीत. निदान तीन महिन्यांचे पगार निघतील इतकं खेळतं भांडवल प्रवेश शुल्काखेरीज हाताशी हवं.

2. गिऱ्हाईक कोणाच्या नावावर?

माझ्या मते निर्णय इथेच ठरतो. ऑफिस-सफाईच्या अनेक फ्रँचायझींमध्ये ‘दरमहा इतक्या बिलाची कामं मिळवून देऊ’ असं पॅकेज विकलं जातं. गिऱ्हाइकाशी करार कंपनीचा, बिल कंपनीचं, आणि रॉयल्टी व इतर कपाती वजा करून उरलेली रक्कम तुमच्या खात्यात. गिऱ्हाईक सोडून गेलं तर बदली काम मिळेल का? ते तुमच्या कामाबद्दल तक्रार करून गेलं, तर बहुतेक करारांत मिळत नाही. म्हणून लेखी विचारा: काम किती दिवसांत देणार, ते किती महिने टिकलं की वचन पूर्ण झालं असं धरणार, गाव ओलांडून दूरचं काम दिलं तर नाकारता येईल का, आणि नाकारलं तर ते ‘दिलेल्या कामांत’ मोजणार का.

अमेरिकेत या नात्यावरून बरेच खटले झाले आहेत. फ्रँचायझीधारक खरोखर मालक आहेत की कंपनीचे कर्मचारी, हा त्यांतला वाद. ऑफिस-सफाईच्या फ्रँचायझी देणाऱ्या कव्हरऑल कंपनीच्या प्रकरणात मॅसॅच्युसेट्समधल्या संघीय न्यायालयाने 2010 साली, त्या राज्याच्या कायद्यानुसार ते कर्मचारीच ठरतात, असा निकाल दिला.

3. एका कामाचा हिशोब कागदावर मांडा

रॉयल्टी बहुधा एकूण बिलावर कापली जाते, नफ्यावर नाही. समजा बिलाचे 100 भाग केले. रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्काचे 15, पगार आणि त्यावरच्या कायदेशीर रकमांचे 55, सामान, विमा आणि प्रवासाचे 15. उरले 15. आता ज्या ऑफिसचा दर रोजच्या दोन तासांवर लावला आहे, तिथे प्रत्यक्षात अडीच तास लागतात असं धरा. महिन्याला 22 दिवस म्हटलं तर 11 तास जादा. दोन तासांच्या पगाराला 55 भाग जात होते, अडीच तासांना जवळपास 69 लागतात. हाती उरतो जेमतेम एक भाग. बिल तेवढंच, रॉयल्टीही तेवढीच.

म्हणून जागा स्वतः बघा. स्वच्छतागृहं किती, फरशी की कार्पेट, कचरापेटी प्रत्येक टेबलाखाली आहे की मजल्यावर एकच, एवढ्यावरून वेळेचा अंदाज येतो. दोन कामांमधला प्रवासही धरा. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, माणसाला मात्र द्यावे लागतात.

4. कागद मागा आणि वेळ घ्या

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी व्यापार नियामक संस्थेच्या नियमानुसार, सही करण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला 23 मुद्द्यांचा माहिती दस्तऐवज द्यावा लागतो. त्यातला 7 वा मुद्दा सुरुवातीच्या एकूण खर्चाचा. 20 वा मुद्दा किती शाखा उघडल्या, बंद पडल्या आणि हस्तांतरित झाल्या याचा. 19 वा कमाईच्या आकड्यांचा, पण ते देणं बंधनकारक नाही. तुमच्याकडे असा कायदा नसला, तरी हीच माहिती लेखी मागा. मालक भराभर बदलत असलेल्या साखळीपासून दूर राहिलेलं बरं. करार वकिलाला दाखवा, आणि तो वकील कंपनीने सुचवलेला नसावा.

5. सोडून गेलेल्यांशी बोला

कंपनी आपल्या यशस्वी मालकांचे नंबर आनंदाने देते. सोडून गेलेल्यांचे तुम्हीच शोधा. पहिल्या वर्षी हाती काय उरलं, माणसं किती टिकली, तक्रार आल्यावर कंपनी कोणाच्या बाजूने उभी राहिली, एवढं विचारा. जमल्यास चालू मालकाबरोबर आठवडाभर रात्री काम करा. रात्री अकरा वाजता कर्मचारी आला नाही, की मॉप मालकालाच उचलावा लागतो. ते तुम्हाला आणि घरच्यांना झेपेल का, हे त्या आठवड्यात कळतं.

6. बाहेर पडायची वाट

मुदतीआधी सोडल्यास काय भरावं लागेल? धंदा दुसऱ्याला विकता येईल का, आणि त्याला कंपनीची परवानगी लागते का? सोडल्यावर किती वर्षं, किती परिसरात सफाईचंच काम करायला बंदी? ज्याला दुसरं काम येत नाही, त्याच्यासाठी हे शेवटचं कलम सगळ्यांत जड आहे. ते शिथिल करून मागा. कंपनी नकार देत असेल, तर तेच काम स्वतःच्या नावावर एका छोट्या ऑफिसपासून सुरू करण्याचा हिशोब शेजारी मांडा आणि मगच सही करा.