पापण्यांची कड आणि जवसाची पिशवी

चार-पाच वर्षं माझे डोळे सकाळी आपोआप उघडत नव्हते. आधी ओल्या बोटांनी पापण्या सोडवायच्या, कडेची वाळलेली चिपडं काढायची, आणि मग दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत राहायचं. मी बार्शीत ब्लाऊज शिवते, तीस वर्षं झाली. काळ्या कापडावर काळा हूक लावताना डोळ्यांना पाणी सुटायचं, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "काकू, रडताय का?"

मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नंबर तपासून घेतला, वाढला नव्हता. मग मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिला. दोन दिवसांत लाली गेली आणि मी खूश झाले. महिन्याने पुन्हा लाली, पुन्हा तोच ड्रॉप. असं दीड वर्ष चाललं. शेवटी सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी ती बाटली हातात घेतली, बारीक अक्षरं वाचली आणि पहिल्यांदा डोळ्यांचं प्रेशर मोजलं. त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. ते महिनोन्‌महिने मनाने घातलं तर काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. माझं नशीब, प्रेशर ठीक निघालं. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी हे सांगते: तुमच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल असलं काही लिहिलेलं असेल, तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच घाला. एका चिठ्ठीवर वर्ष काढू नका.

दुखण्याचं नाव निघालं ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांची जुनाट सूज. डॉक्टरांनी आरशात दाखवलं. पापणीच्या आतल्या कडेला, केसांच्या मागे, ओळीने बारीक ठिपके असतात. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. (हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. हे माझ्या लेकीचं ज्ञान, ती बी. फार्म. झालेली आहे.) आपण पापणी मिटली की त्यातून थेंबभरही नसेल इतकं तेल येतं आणि अश्रूंवर पसरतं, त्यामुळे अश्रू वाळत नाहीत. माझ्या ग्रंथींची तोंडं बुजली होती. आतलं तेल घट्ट होऊन टूथपेस्टसारखं झालं होतं. तेल नाही म्हणून अश्रू भराभर उडतात, डोळा कोरडा पडून चुरचुरतो, आणि चुरचुरला की वरून आणखी पाणी सोडतो. डोळ्यांतून धार लागलेली असताना डॉक्टर "डोळे कोरडे आहेत" का म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

मला हे पटायला वेळ लागला नाही. थंडीत शिलाई मशीनमधलं जुनं तेल घट्ट होतं आणि मशीन जड चालते. तेव्हा वरून नवं तेल ओतून भागत नाही, आधी जुनं मोकळं करावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "हे दुखणं बरं करून संपवायचं नाही, आटोक्यात ठेवायचं आहे. रोज दहा मिनिटं द्याल का?" मी हो म्हटलं आणि पहिले दोन आठवडे चुकीचंच करत राहिले.

चूक शेकाची होती. मी रुमाल गरम पाण्यात बुडवायचे, पिळायचे, डोळ्यांवर ठेवायचे आणि पाच मिनिटं पडून राहायचे. पण ओला रुमाल दोन मिनिटांत थंड पडतो. मी तीन मिनिटं गार फडकं डोळ्यांवर घेऊन झोपत होते. आतलं तेल पातळ व्हायला पापणीला साधारण 40 अंशांच्या वर ऊब लागते, आणि ती पाच ते दहा मिनिटं टिकावी लागते. त्याला दोन उपाय आहेत.

पहिला दोन रुमालांचा. जुन्या मऊ सुती कापडाचे दोन तुकडे चार घड्या घालून घ्या. थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून जवळ ठेवा, म्हणजे सारखं शेगडीपाशी उठावं लागत नाही. एक वाटी हे पाणी आणि तीन वाट्या नळाचं पाणी भांड्यात एकत्र करा. एक रुमाल डोळ्यांवर, दुसरा पाण्यात. दीड मिनिटाने अदलाबदल, मधेच भांड्यात थोडं थर्मासमधलं पाणी. डोळ्यांवर ठेवण्याआधी प्रत्येक वेळी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे चटका वाटला तर डोळ्यांवर ठेवू नका. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ कातडी आहे.

दुसरा उपाय जवसाच्या पिशवीचा, आणि मी त्याचीच. आमच्याकडे जवस घरात असतंच, चटणीसाठी. ब्लाऊजच्या अस्तराचं सुती कापड घ्या, टेरिकॉट नको, ते तापून वितळतं. शिवल्यावर नऊ इंच लांब आणि चार इंच रुंद होईल असं बेता. मधोमध उभी शिलाई मारा, म्हणजे दोन कप्पे होतात आणि नाकावर पिशवी बसते. प्रत्येक कप्प्यात मूठभर जवस, साधारण 50-60 ग्रॅम, सैलसर. ठासून भरलं तर पिशवी डोळ्याच्या खळग्यात बसत नाही. मायक्रोवेव्ह असेल तर 25-30 सेकंद. माझ्याकडे नाही, पण इस्त्री दिवसभर तापलेलीच असते. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी फिरवते, पिशवी हलवते, पुन्हा फिरवते. चार-पाच वेळा केलं की आतपर्यंत ऊब जाते आणि ती आठ-दहा मिनिटं सहज टिकते. वर एक साधी खोळ शिवा, ती रोज काढून धुता येते. मूळ पिशवी धुवायची नाही. माझी पहिली पिशवी मी बादलीत टाकली आणि आत पिठल्यासारखा बुळबुळीत गोळा झाला. जवस भिजलं की चिकटच होतं, हे चटणी करणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. दोन-तीन महिन्यांनी खवट वास यायला लागला की जवस बदला.

शेक झाल्या झाल्या, ऊब जायच्या आत, मालिश. वरच्या पापणीवरून बोट वरून खाली, केसांच्या कडेकडे. खालच्या पापणीवर खालून वर, तेही कडेकडेच. टूथपेस्टची नळी तळापासून दाबत आणतो तसं. आडवं चोळायचं नाही आणि बुबुळावर जोर द्यायचा नाही. डोळे मिटलेले, दाब हलका, प्रत्येक पापणीवर पाच-सहा वेळा. त्यानंतर मिनिटभर धूसर दिसतं. घाबरू नका, तेल बाहेर आल्याची ती खूण आहे.

मग सफाई. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या वाटी पाण्यात बिनवासाच्या बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब. स्वच्छ बोटावर कापूस गुंडाळायचा, भिजवून पिळायचा, आणि डोळा मिटून केसांच्या बुंध्याशी पंधरा-वीस सेकंद हलकेच फिरवायचा. आपल्याला धुवायची आहे ती कड, पापणीचा पडदा नाही. पुष्कळजणी इथे चुकतात, वरवर पुसून मोकळ्या होतात. दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस. शेवटी साध्या पाण्याने धुवायचं. काहींना शाम्पू झोंबतो, त्यांनी तो सोडून द्यावा. पापण्या पुसायचे तयार ओले रुमाल मेडिकलमध्ये मिळतात, महाग पडतात, पण प्रवासात बरे. पहिला महिना-दीड महिना हे सगळं दिवसातून दोनदा, मग आराम पडला की एकदा. एकदाचं मात्र सोडायचं नाही.

माझ्या पापण्यांच्या केसांच्या बुंध्याशी डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली: बॉबिनवर दोऱ्याचे पहिले वेढे बसावेत तसं पांढरट, पारदर्शक कडं. ती डेमोडेक्स नावाच्या किड्यांची खूण. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण वय वाढतं तसे ते बहुतेकांच्या कातडीवर असतात, घाणीशी त्यांचा संबंध नाही. फार वाढले की त्रास. यावर टी ट्री ऑइलचा उपाय मोबाइलवर जागोजागी दिसतो. ते निव्वळ तेल पापणीला लावू नका, डोळा भाजून निघतो. त्यातलाच घटक मोजून घातलेले पुसायचे रुमाल येतात, ते डॉक्टरांना विचारून वापरा. मी उशीचे अभ्रे आणि तोंड पुसायचा टॉवेल आठवड्याला कढत पाण्यात धुते, आणि टॉवेल माझा वेगळा.

डोक्यात कोंडा असेल तर त्याचं आधी बघा, कारण पापण्यांवरचे पिवळे तेलकट पोपडे बऱ्याचदा त्याच घरचे असतात. मला किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा सांगितला, फक्त डोक्याला. आणि रात्रभर डोक्यावर तेल थापून झोपणं बंद करायला लावलं. सगळ्यात जड मला तेच गेलं. आईने लावलेली सवय, पन्नास वर्षांची.

काजळही गेलं. तेही घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून केलेलं. घरचं म्हणजे निर्धोक असं मीही म्हणायचे. पण काजळ आपण नेमकं त्या ग्रंथींच्या तोंडांवरच ओढतो. बुजलेल्या तोंडावर आणखी काजळी. बाजारच्या सुरम्यात तर शिसं असू शकतं, ते लेकराबाळांच्याही डोळ्यांत घालू नये. आता लग्नाकार्यात केसांच्या बाहेरून एक रेघ, आणि घरी आल्यावर कितीही दमले तरी पुसून झोपणं.

शेजारणींनी सुचवलेले उपाय सांगायचे तर गुलाबपाणी, मध, हळदीचं पाणी, तुरटी, आणि रांजणवाडी आली की लसणाची पाकळी. एकीने आईचं दूधही सांगितलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण गुलाबपाण्याची ती बाटली मिठाईसाठी आणि तोंडाला लावण्यासाठी भरलेली असते, डोळ्यांत घालायला निर्जंतुक केलेली नसते. हळदीचे कण डोळ्यांत खुपतात. आणि लसूण मी लावून पाहिलाय. रांजणवाडी तशीच राहिली, वर कातडी भाजली. रांजणवाडीलाही शेकच, दिवसातून तीन-चार वेळा. फोडायची नाही, पिळायची नाही.

जवस खाऊन डोळे सुधारतात का? अमेरिकेत 2018 साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. कोरड्या डोळ्यांच्या 535 जणांपैकी काहींना वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-3 दिलं, काहींना ऑलिव्ह तेल. दोन्हीकडे सारखाच आराम. तेव्हा महागड्या कॅप्सूल मी घेत नाही. चटणी खाते, कारण भाकरीबरोबर ती चांगली लागते.

डोळे ओले ठेवायचे ड्रॉप, म्हणजे सीएमसीचे (बाटलीवर कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज लिहिलेलं असतं), माझ्या मशीनच्या खणात असतात. दिवसातून चारापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. लाली घालवणारे ड्रॉप नकोत, लाली पुन्हा दुप्पट येते. सुईत दोरा ओवताना किंवा मोबाइल बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो, आणि मिटतो त्याही अर्धवट. म्हणून माझा नियम असा: बॉबिन बदलली की डोळे पूर्ण मिटून, दोन मोजून उघडायचे, दहा वेळा. टेबल फॅन आधी थेट तोंडावर असायचा, तो आता पायांकडे केलाय. एप्रिलच्या झळांत एवढ्यानेही फरक पडतो.

घरच्या काळजीने भागत नाही तेव्हा डॉक्टर कडेला लावायचं अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, कधी काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. त्या गोळ्या भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या घ्यायच्या नाहीत.

आणि यातलं काही दिसलं तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली आहे, बुबुळावर पांढरा डाग आहे. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर ती आधी काढा. आणखी एक गोष्ट वयस्कांसाठी. सूज एकाच डोळ्याला, गाठ एकाच जागी पुन्हा पुन्हा येते, तिथले पापणीचे केस गळतात, तर तिला रांजणवाडी म्हणून सोडू नका. पापणीच्या तेलग्रंथींचा कर्करोग असाच दिसतो, आणि पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही.

गेल्या लग्नसराईत मी स्वतः घसरले. रात्री एकपर्यंत मशीन, पिशवी खुंटीला. बाराव्या दिवशी सकाळी पापण्या पुन्हा चिकटल्या. ड्रॉप शोधला नाही. इस्त्री लावली, जवस हुंगून पाहिलं, खवट झालं होतं, बदललं आणि पुन्हा दिवसातून दोनदावर आले. पापण्या सुटायला तीन आठवडे लागले. तेवढे लागतातच, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.