पॅन-मास चॅलेंज: सरावाआधी देणगीची मोहीम सुरू करा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला पॅन-मास चॅलेंज ही सायकल राइड होते. बिली स्टार यांनी १९८० मध्ये ती सुरू केली. त्यांच्या आई कर्करोगाने गेल्या होत्या. सायकलस्वारांनी जमवलेला पैसा डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला, म्हणजे संशोधन आणि उपचारांना जातो. बॉस्टन परिसरातल्या मराठी मंडळींनी जरूर भाग घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

नाव नोंदवताना ठरावीक रक्कम जमवण्याची हमी द्यावी लागते. कमी पडली तर फरक आपल्यालाच भरावा लागतो. म्हणून नोंदणी झाली की लगेच मागायला लागा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच संदेश टाकला तर लोक वाचतात आणि विसरतात. त्यापेक्षा एकेकाला फोन करा किंवा चार ओळी वेगळ्या लिहा: आपण कोणासाठी सायकल चालवतोय, किती रक्कम हवी आहे, कधीपर्यंत. आत्या, मित्र, शेजारी अशा कोणाच्या आठवणीत सायकल चालवत असाल, तर त्यांच्या घरच्यांना विचारूनच संदेशात नाव लिहा. देणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारा, ‘तुमची कंपनी मॅचिंग देते का?’ तिथल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, आणि बहुतेकांना अर्ज करायचं सुचतच नाही.

स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन हा दोन दिवसांचा मार्ग सुमारे ३०० किलोमीटरचा आहे. त्यामुळे सरावात शनिवार-रविवार लागोपाठ लांब चालवा. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगाने सीटवर बसायची सवय हवी. पॅडवाली शॉर्ट्स आतल्या कपड्यांशिवाय घाला.