पुढचा नाल सारखा निखळत होता, शेवटी असा टिकला

घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाचा नाल आठ-दहा दिवसांत निखळायचा. दुडक्या चालीत टक्-टक् आवाज यायचा आणि निघालेल्या नालाच्या टाचेकडच्या टोकावर ताजा ओरखडा दिसायचा. जाड खिळे मारून पाहिले, मग दोन जास्त मारले. त्याने खुराची भिंत तेवढी चिरली. अगदी वैताग आला होता.

दोष खिळ्यांचा नव्हताच. खुराचा पुढचा भाग वाढल्याने पाय उशिरा उचलला जात होता आणि मागचा खूर येऊन नालावर पडत होता.

मग असं केलं. नाल काढून आधी खुराचं पुढचं टोक छाटलं. टाच मुळीच उतरवली नाही, ती आधीच बुटकी होती. बाजूने पाहिल्यावर घोट्याखालच्या हाडाची आणि खुराची रेघ सरळ आली. नाल किंचित मागे घेतला, पुढची कड कानशीने गोल केली, पण टाचेमागे त्याचं टोक लांब सोडलं नाही. खिळे पांढऱ्या रेषेच्या (खुराच्या तळाशी भिंत आणि तळवा जुळतो ती रेघ) बाहेरून, खुराच्या सर्वांत रुंद भागापुढेच. जुनी भोकं टाळली. खिळ्यांची बाहेर आलेली टोकं वळवून कानस फिरवली.

आवाज त्याच दिवशी थांबला. नाल सहा आठवड्यांनी मीच काढला, छाटणीसाठी.