गणपतीला गाडीने कोकणात? आधी घाट ठरवा

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर पेण, माणगावला गाडी अडकली की तासांचा हिशेब सुटतो. म्हणून बरेच चाकरमानी पुणे-साताऱ्याकडून वळसा घालतात. अंतर वाढतं, पण गाडी पळती राहते. मात्र कुठल्या घाटाने उतरायचं हे गाव बघून ठरवा. चिपळूण-गुहागरकडे जायचं तर उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली, रत्नागिरी, संगमेश्वरला आंबा घाट, कणकवलीला फोंडा, सावंतवाडीला आंबोली. महाड-पोलादपूरवाल्यांनी मात्र हा वळसा घेऊच नये, त्यांचं गाव आधीच लागतं.

घाट उजेडी उतरेल अशा बेताने निघा. भाद्रपदात धुकं आणि पाऊस असतोच, शिवाय दरड कोसळून रस्ता बंद होतो. निघायच्या दिवशी गावातल्या कुणाला तरी फोन करून घाट चालू आहे ना, ते विचारा. मॅपपेक्षा त्यांना आधी कळतं. टाकी वर घाटमाथ्याआधीच भरून घ्या.

गेली काही वर्षं सरकार गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास देतं. तो आरटीओत किंवा पोलीस ठाण्यात मिळतो, पण शेवटच्या दिवशी रांग लागते. आणि मखर टपावर बांधणार असाल तर वरून ताडपत्री हवीच.