रेडिएशननंतर पाय सुजायला लागला तर काय करायचं

सासूबाईंचं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून दीड वर्ष झालं आणि एक दिवस डाव्या पायातली जोडवी निघेचनात. आम्ही म्हटलं वय झालं, मीठ जास्त झालं असेल, त्यात शेजारणीने हत्तीपाय म्हणून घाबरवलं ते वेगळंच. निघाला लिम्फेडेमा, म्हणजे लिम्फ नावाचं अंगातलं पाणी साठून येणारी सूज. ओटीपोटाला रेडिएशनचा शेक दिल्यावर तिथल्या लिम्फच्या गाठी आणि बारीक नळ्या आक्रसतात, मग पायातलं पाणी वर चढायला वाट राहत नाही, आणि हे काही महिन्यांनी काय, काही वर्षांनीसुद्धा होऊ शकतं.

तर आधी जोडवी आणि पैंजण काढा, परकराची नाडी सैल करा. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत येते का बघा, येत नसेल तर लिम्फेडेमाच समजा, पण आली म्हणजे नाहीच असंही नाही. मग शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पायांचा घोटा, पोटरी, मांडी ठरलेल्या उंचीवर आठवड्यातून एकदा सकाळी मोजून वहीत लिहा. 2 सेंमी फरक दिसला की डॉक्टरांकडे. आणि एकदम सूज येऊन पोटरी दुखायला लागली तर थांबूच नका, रक्ताची गुठळी असू शकते, डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करावी लागते. कॅन्सर परत आला नाही ना हेही तेच बघतील. मेडिकलमधून लघवीची गोळी आणू नका, या सुजेत प्रोटीन असतं, ते गोळीने निघत नाही.

गरम तेलाने रगडणं बंद!! मसाज असतो, पण अगदी हलक्या हाताचा, शिकलेल्या फिजिओकडूनच शिकून घ्यायचा. बँडेजपण साधं क्रेप नाही चालत, कमी ताणाचं वेगळं येतं. सूज उतरली की मापाचे स्टॉकिंग (पायाला दाब देणारे घट्ट मोजे), सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घालायचे आणि ते घालूनच चालायचं, घोटे वरखाली करायचे.

सगळ्यात जास्त लक्ष कातडीकडे. चपलेशिवाय अंगणातही नाही, भेगांना रोज मॉइश्चरायझर, पावसाळ्यात बोटांमधे चिखल्या झाल्या की लगेच मलम, कारण जंतू तिथूनच आत शिरतात. आमच्याकडे नख काढताना थोडं लागलं आणि दुसऱ्या दिवशी पाय लालबुंद, गरम, हुडहुडी भरून ताप. असं झालं तर घरगुती लेप वगैरे करत बसायचं नाही, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि पाय शांत होईपर्यंत मसाज, बँडेज सगळं डॉक्टरांना विचारूनच.