विंडोज ७ला आजच्या कामाला जुंपायचं तर आधी घड्याळ बघा

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझं डीटीपीचं (संगणकावर छपाईचा मजकूर मांडण्याचं) आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, नाट्यमंडळांच्या स्मरणिका, चवथीच्या तोंडावर आरत्यांच्या पुस्तिका, बावीस वर्षं हेच काम करते आहे. दुकानात दोन संगणक आहेत. एक नवा, आणि दुसरा २०१० साली घेतलेला, ३२ बिटांच्या विंडोज ७चा. हा दुसरा मला सोडता येत नाही. माझं जुनं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर डाँगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीसारख्या एका डबीवर चालतं, डाँगल मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीला) बसतो आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, ६४ बिटांच्या विंडोजवर चढतच नाही. गावोगावच्या देवस्थानांचं आणि मंडळांचं वीस वर्षांचं छापकाम त्या सॉफ्टवेअरच्या फाँटांत आहे. दर वर्षी तीच फाइल उघडायची, तिथी-वार बदलायचा, छापायला द्यायची.

पण गिऱ्हाईक आता मजकूर मेलवर पाठवतं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि प्रूफ पीडीएफमध्ये मागतं. म्हणून या जुन्या यंत्राला आजची कामं शिकवणं भाग पडलं. बऱ्याच चुका केल्यावर एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे क्रम चुकला की सगळं अडतं. लोक आधी नवा ब्राउझर टाकायला जातात, तो बसत नाही, आणि यंत्र भंगारात निघतं. पाया आधी घाला. माझा क्रम खाली देते आहे.

कशालाही हात लावण्यापूर्वी सिस्टम इमेज घ्या. कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' उघडलं की डाव्या बाजूला 'क्रिएट अ सिस्टम इमेज' दिसतं. बाहेरची हार्ड डिस्क लावायची आणि सगळी सी ड्राइव्ह तिच्यावर उतरवायची. तिथेच 'सिस्टम रिपेअर डिस्क'ही करून ठेवा, कारण विंडोज सुरूच झाली नाही तर इमेज परत चढवायला तीच लागते. मी एकदा फुकटात मिळणारा एक ड्रायव्हर अपडेटर चालवला. त्यानं न विचारता पॅरलल पोर्टचाच ड्रायव्हर बदलला आणि डाँगल दिसेनासा झाला. जत्रा दोन दिवसांवर होती. इमेज होती म्हणून पाऊण तासात यंत्र होतं तसं झालं. तेव्हापासून ड्रायव्हर मी बोर्ड बनवणाऱ्याच्याच सीडीवरून घालते, दुसरीकडून नाही.

त्याच सुमारास जुनी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवली. या यंत्रावर केलेल्या खर्चात सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च हाच. विंडोज ७ला ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) कळतं, त्यामुळे एसएसडी तिच्यावर व्यवस्थित चालते. फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या सेटिंगमध्ये, साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड 'आयडीई' असेल तर तो थेट 'एएचसीआय' करू नका. निळा पडदा येतो आणि शेवटी ७बी हा आकडा दिसतो. मोड बदलण्याआधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) 'सर्व्हिसेस'खाली 'एमएसएएचसीआय' शोधा, त्यातल्या 'स्टार्ट'ची किंमत ३ची ० करा, आणि मगच बायोसमध्ये जा.

आता घड्याळ. एका चवथीच्या आठवड्यात रात्री गडगडाट झाला आणि वीज गेली. सकाळी यंत्र सुरू केलं तर एकही साइट उघडेना. जिथे जाल तिथे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. देवस्थानच्या कमिटीचे एक काका आरत्यांचं प्रूफ न्यायला आले होते. बाकावर बसून दर दहा मिनिटांनी विचारत होते, "बाय, आज जातलें मगो?" म्हणजे आज होईल ना. मी केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला, अँटिव्हायरस काढून पाहिला. तास गेला. मग उजव्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे तारीख होती १ जानेवारी २०१०.

प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. यंत्र २०१० सालात बसलेलं असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. दोष होता बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो. यंत्र बंद करून प्लग काढा आणि सेल बदला. पण त्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सेल निघाला की तिथली मांडणी मूळपदावर जाते. माझ्याकडे साटाचा आणि पॅरलल पोर्टचा असे दोन्ही मोड पुसले गेले होते. घड्याळ फारच मागे असेल तर आधी तारीख हातानं लावा, मग 'इंटरनेट टाइम'मधून जुळवून घ्या.

पुढचा टप्पा अपडेटचा. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. 'सर्व्हिस पॅक १' असं लिहिलेलं नसेल तर आधी तो घाला. त्यानंतर दोन फायली हव्यात, केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९, याच क्रमानं. (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा क्रमांक.) पहिली अपडेट बसवणारी यंत्रणा नीट करते. दुसरी विंडोज ७ला 'शा-२' प्रकारची डिजिटल सही ओळखायला शिकवते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेटवर जुनी 'शा-१' सही करणं सोडलं. त्यामुळे या दोन फायली नसल्या तर पुढचं अपडेट यंत्राला अनोळखी माणसानं आणून दिलेल्या पार्सलासारखं वाटतं आणि ते दारातच अडवतं. एप्रिल २०१६ पर्यंतच्या अपडेटांचा गठ्ठा एकदम हवा असेल तर केबी ३१२५५७४ घ्या, पण तिच्याआधी केबी ३०२०३६९ लागते.

या फायली मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर मिळतात. त्या नव्या संगणकावर उतरवा आणि पेनड्राइव्हनं आणा. ३२ बिटांच्या विंडोजला 'एक्स८६' लिहिलेलीच फाइल चालते. 'हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' असं उत्तर आलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा एक्स६४ची फाइल हातात आलेली असते किंवा आधी बसायचं अपडेट राहिलेलं असतं.

याच टप्प्यात रुपयाचं चिन्ह घालून घ्या, आमच्या धंद्यात त्यावाचून चालत नाही. फोंड्याच्या एका गिऱ्हाइकानं जेवणावळीचं दरपत्रक मेलवर पाठवलं होतं. माझ्या पडद्यावर प्रत्येक आकड्यापुढे रिकामी चौकट. मला वाटलं तिचा फाँट बिघडला आहे, म्हणून मी तिच्याकडे फाइल पुन्हा मागितली. पुन्हा चौकटीच. कारण शोधलं तेव्हा कळलं की विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ला आणि केंद्र सरकारनं ₹ हे चिन्ह स्वीकारलं १५ जुलै २०१०ला. ही विंडोज बनली तेव्हा ते चिन्हच नव्हतं! त्यासाठी केबी २४९६८९८ आहे. ती बसल्यावर कीबोर्ड 'इंग्लिश इंडिया' ठेवून उजवा ऑल्ट आणि ४ एकत्र दाबलं की ₹ उमटतं. जुन्या डीटीपी फाँटांत मात्र ते येणार नाही. तिथे मी अजून 'रु.' लिहिते, आणि ते दिसायलाही बरं दिसतं. इमोजी हवे असतील तर केबी २७२९०९४ घाला. विंडोज ७वर ते काळे-पांढरेच दिसतात, पण निदान चौकटी जातात.

मेलचं दुखणं निराळं. संगणक आणि सर्व्हर एकमेकांशी गुपचूप बोलतात, त्या भाषेला टीएलएस म्हणतात. तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२०च्या सुमारास मोठ्या ब्राउझरांनी सोडल्या. विंडोज ७ला १.२ येते, पण ती बंद ठेवलेली असते. 'इंटरनेट ऑप्शन्स'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'टीएलएस १.२'वर खूण करा आणि केबी ३१४०२४५ बसवा. नुसत्या अपडेटनं काम होत नाही, इथेच बहुतेक जण फसतात. रजिस्ट्रीत 'इंटरनेट सेटिंग्ज'खाली 'विनएचटीटीपी' नावाची 'की', म्हणजे कप्पा आहे. तिच्यात 'डिफॉल्ट सिक्युअर प्रोटोकॉल्स' हे नाव इंग्रजीत, शब्द न तोडता लिहून नवा ३२ बिटांचा डीवर्ड (आकड्याची नोंद) करा आणि हेक्साडेसिमलमध्ये ए०० ही किंमत द्या. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवायची, हे माझ्याकडे नियमच आहे.

एवढं झालं की ब्राउझर. क्रोमची १०९ ही विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती. मी फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेटं मिळणारी आवृत्ती) वापरते. फायरफॉक्स टीएलएस आणि विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर आणतो, विंडोजवर अवलंबून राहत नाही. त्यामुळे विंडोज ७ला न येणारं टीएलएस १.३सुद्धा त्यात चालतं. त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' घालायचंच. जाहिराती थांबल्या की पान हलकं होतं आणि जाहिरातींतून आत शिरणारी घाणही थांबते. ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबी रॅम घातली तरी ती सगळी वापरता येत नाही, म्हणून टॅब तीन-चारच उघडे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून फोटो घेताना आयफोनवाल्यांना आधीच सांगा की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. मग फोटो जेपेगमध्ये येतो, नाहीतर हेइक फाइल इथे उघडत नाही.

फाँटांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण माझा जीव त्यातच आहे. युनिकोड मराठीसाठी विंडोज ७मध्ये 'मंगल' आहे. तो पडद्यावर वाचायला ठीक, पण पत्रिकेवर उठून दिसत नाही. खुल्या परवान्याचे 'मुक्ता' आणि 'बालू २' घ्या. छापील पुस्तकासारखा मजकूर हवा असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. त्यातला 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचा आहे. हिंदी वळणाचा 'ल' आरतीच्या पुस्तिकेत आला की आमच्याकडची वयस्क माणसं लगेच बोट ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. फाँट घातल्यावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' हे शब्द टाइप करून पाहा. 'र'ची चंद्रकोर नीट वळली तर फाँट कामाचा. 'बालू २'सारख्या फाँटाची झिप उघडली की एक व्हेरिएबल फाइल दिसते आणि एक 'स्टॅटिक' फोल्डर. विंडोज ७ला व्हेरिएबल फाँटांचं जाड-बारीकपण हाताळता येत नाही, तेव्हा फोल्डरमधल्या फायलीच घाला.

विंडोज १०मध्ये आयत्या मिळणाऱ्या काही सोयीही इथे आणता येतात. पीडीएफ काढणारा प्रिंटर विंडोज ७मध्ये नाही, म्हणून घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणारा एखादा आभासी प्रिंटर बसवा आणि त्याच्या सेटिंगमध्ये सगळे फाँट फाइलमध्ये एम्बेड करायला, म्हणजे आतच बसवायला सांगा. हे विसरलात तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तुमची पत्रिका म्हणजे इंग्रजी अक्षरांचा खिचडा होईल. 'डिट्टो' हा लहानसा प्रोग्रॅम कॉपी केलेल्या मागच्या सगळ्या गोष्टी जपून ठेवतो. लग्नपत्रिकेत तीच आडनावं, तीच गावं दहा ठिकाणी लागतात, तेव्हा त्याची किंमत कळते. 'एव्हरीथिंग' फाइलचं नाव टाइप करता करता ती शोधून देतो. मायक्रोसॉफ्टच्या 'सिसइंटर्नल्स'चा 'डेस्कटॉप्स' घेतला तर चार वेगळे डेस्कटॉप मिळतात. मी एकावर डीटीपी ठेवते आणि दुसऱ्यावर मेल.

काय करायचं नाही तेही सांगते. विंडोज ७ची सुरक्षा अपडेटं १४ जानेवारी २०२०ला थांबली. पैसे भरणाऱ्या संस्थांना मिळणारीसुद्धा १० जानेवारी २०२३ला संपली. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं वर सांगितलेल्या कशानंही बुजत नाहीत. बँक, आधार, जीएसटी, कामाची मेल सोडून कुणाचाही पासवर्ड, यातलं काहीही या यंत्रावर मी करत नाही. त्यासाठी नवा संगणक आहे. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापरते. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या यंत्रात तपासते, मगच इथे लावते. कामापुरती मेल उघडते आणि बाकीचा वेळ नेटची केबल काढून ठेवते.

सगळं मनासारखं चालायला लागलं की आणखी एक सिस्टम इमेज घ्या, आधीची न पुसता. डिस्कवर तारखेची चिठ्ठी लावा. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या वस्तूंना बुरशी येते, म्हणून मी ती डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. त्याच डब्यात एक जादा सीआर २०३२ सेल आणि बायोसच्या फोटोंची छापील प्रत ठेवलेली आहे.