मैदानात बसून आपल्या संघाचा सामना कसा पाहावा

आपल्या भागातल्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा पक्का चाहता व्हायचं ठरवलं की सल्ले सुरू होतात. जर्सी घ्या, घोषणा पाठ करा, खेळाडूंची आकडेवारी वाचा. हे सगळं जरूर करा, पण त्याने सामना दिसायला लागत नाही. मी सतरा हंगाम एकाच संघामागे आहे. दर आठवड्याला मैदानात येऊनही सामना न पाहणारी कितीतरी माणसं माझ्या आजूबाजूला बसतात, आणि मीही बरीच वर्षं त्यांच्यातलाच होतो. बघणं शिकावं लागतं, आणि ते शिकता येतं.

वेळापत्रक आलं की घरच्या मैदानावरचे सगळे सामने मोकळे ठेवा आणि जमत असेल तर पूर्ण हंगामाचं तिकीट काढा.

जागा निवडताना मात्र घाई नको. नवख्याला सगळे पहिल्या रांगा सुचवतात, खेळाडू जवळून दिसतात म्हणून. माझा याला साफ विरोध आहे. खालून मैदान चपटं दिसतं. साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद पसरलेल्या जागेत कोण कोणापासून किती लांब उभा आहे, हे तिथून कळतच नाही. वरच्या रांगा धरा. मध्यरेषेसमोर जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर गोलच्या मागची चालेल, पण उंचावरची. गोलमागून बचावफळीतल्या फटी समोर उघड्या दिसतात, टीव्हीवर त्या सहसा दिसत नाहीत.

आता अवघड भाग. चेंडूवरून नजर काढायची.

पहिले दोन हंगाम मी फक्त चेंडू पाहिला. एका सामन्यात आम्ही तीन गोल खाल्ले आणि मी आमच्या गोलकीपरच्या नावाने घसा फोडत होतो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसायचे. ते म्हणाले, "अरे बाबा, त्याला कशाला बोलतोस? आपला डावा फुलबॅक वर गेल्यावर त्याच्या मागे कोण येतंय, ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. फुलबॅक म्हणजे बचावफळीच्या कडेचा खेळाडू. तिन्ही गोल त्याच मोकळ्या पट्ट्यातून आले होते आणि तो पट्टा पहिल्या मिनिटापासून रिकामा होता. दीड तास समोर बसून मला तो दिसला नाही, याची बोच अजून आहे.

त्यानंतर मी जे शिकलो ते असं. चेंडू कानांनी सांभाळायचा. हजारो माणसं चेंडूकडे बघत असतात. चेंडू धोक्याच्या जागी गेला की त्यांचा आवाज उठतोच, आणि त्या आवाजावर मान वळवायला वेळ मिळतो. डोळे मोकळे ठेवा आणि सुरुवातीचा महिनाभर ते एकाच ठिकाणी लावा: आपल्या बचावफळीवर. आपला संघ हल्ला करत असताना दर वेळी तीन सेकंद मागे बघा. बचावफळीतले चौघं मध्यरेषेपर्यंत वर आले आहेत की आपल्याच पेनल्टी क्षेत्राच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकटीच्या, तोंडाशी थांबले आहेत? त्यांच्यात आणि मधल्या फळीत किती अंतर पडलंय? ते अंतर वाढत चाललं असेल तर प्रतिस्पर्ध्याला नेमकी तिथेच जागा मिळणार.

बचावफळीची ही रेघ इतकी महत्त्वाची ठरते ती ऑफसाइडच्या नियमामुळे. पास निघण्याच्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्या पुढे असलेल्या आक्रमकाला गोलरेषेपर्यंत किमान दोन प्रतिस्पर्धी लागतात, नाहीतर त्याला तो पास घेता येत नाही. १९२५ पूर्वी तीन लागायचे. दोघांतला एक बहुतेक वेळा गोलकीपरच असतो, म्हणून शेवटचा बचावपटू उभा असतो तिथे आक्रमकांची हद्द आखली जाते. चौघांतला एकजण दोन पावलं मागे राहिला तरी ती हद्द सगळ्यांसाठी मागे सरकते. असा मागे राहणारा खेळाडू ओळखता आला की निम्मे गोल आधीच दिसू लागतात.

सरावाला खेळ थांबलेले क्षण सगळ्यात सोपे. उदाहरणार्थ गोल किक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलसमोरून मारतात ती. २०१९ पासून गोल किक पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट न बघता सहकारी ती आतच घेऊ शकतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला ठरवावं लागतं की अंगावर जायचं की मागे थांबायचं. किती जण वर आले ते मोजा. दोघंच आले आणि आपले तिघं पास घ्यायला तयार असतील, तर मोकळा माणूस कोण हे किक बसण्याआधी तुम्हाला माहीत असेल. गोलकीपरने चेंडू हातात धरला की तोही वेळ वापरा. २०२५ पासून त्याला आठ सेकंदं मिळतात, जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात उंचावून दाखवतो. त्या वेळात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघा, गोलकीपरकडे नको.

महिन्याभराने सेंटर फॉरवर्डकडे, म्हणजे सगळ्यात पुढच्या मधल्या आक्रमकाकडे, वळा. त्याच्याकडे चेंडू नसताना तो कुठे चालत जातो आणि कोणाला सोबत ओढतो, एवढंच बघा. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवलं, त्यात हंगेरीचा नांदोर हिदेगकुटी नऊ नंबरची, म्हणजे सेंटर फॉरवर्डची, जर्सी घालून सारखा मागे, मधल्या फळीत उतरत होता. त्याच्यामागे जावं तर मधे भगदाड पडतं, न जावं तर तो मोकळा. इंग्लंडच्या सेंटर हाफला, म्हणजे मधल्या बचावपटूला, शेवटपर्यंत उत्तर सापडलं नाही आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. हाच पेच आजही दर आठवड्याला, अगदी खालच्या विभागातसुद्धा, बचावपटूंसमोर उभा राहतो.

एक इशारा. या शिकण्यात तुमचा एखादा गोल हुकेल. आमच्या संघाचा एक फार देखणा गोल मी पाहिलेला नाही, कारण तेव्हा मी मागे बघत होतो. वाईट वाटलं, तरी पद्धत सोडू नका. आणि फोन खिशातच राहू द्या. चित्रण करणारा माणूस पुन्हा चेंडूच्याच मागे लागतो.

नोंदी करायच्या वहीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. १९५० साली इंग्लंडमधल्या स्विंडन संघाच्या एका सामन्यात मध्यंतरानंतर चार्ल्स रीप या प्रेक्षकाने प्रत्येक हल्ल्याची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे शेकडो सामने टिपले. बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांतून होतात, असं त्यांना दिसलं आणि त्यावरून त्यांनी लांब फटक्यांनी चेंडू थेट पुढे टाकण्याचा पुरस्कार केला. पण मुळात बहुतेक चाली तेवढ्याच छोट्या असतात, ही गोष्ट त्यांच्या हिशेबातून निसटली. इतक्या चिकाटीच्या माणसाचं असं झालं. म्हणून सामना चालू असताना काही लिहू नका. मध्यंतरात एकच ओळ लिहा: आपल्याला जागा कुठे मिळतेय आणि त्यांना कुठे.

बदली खेळाडू आला की त्याचं नाव नंतर बघा, आधी कोण कुठे सरकलं ते बघा.

गुणतक्ता वाचायला अवघड नाही, फक्त गुण सारखे झाल्यावर क्रम कसा लावतात ते हंगामाच्या सुरुवातीलाच नियमावलीत पाहून ठेवा. स्पेनच्या ला लिगामध्ये आधी आपसातले सामने धरतात, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा. २०११-१२ ला मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण होते आणि मँचेस्टर सिटीने गोलफरकावर विजेतेपद घेतलं. त्यामुळे संघ ०-३ ने मागे असताना पंच्याऐंशीव्या मिनिटाला जिने उतरणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. चौथा गोल बसतो की नाही, हे हंगामाच्या शेवटी मोजलं जाऊ शकतं. बसून राहा आणि आपला डावा फुलबॅक अजून परत धावतोय का, ते बघा.